हुनर : नॉब एकच, चाल वेगळी

मिरजेहून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचे मोबाइल आणि स्पीकर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. गाव तंतुवाद्यांचे असल्यामुळे सतार-तंबोऱ्याची कामे जुन्या कारागिरांकडे जातात आणि वायर, पिन, नॉब अशी विजेची भानगड असलेली वाद्ये यांच्याकडे येतात. एका कॉलेजच्या मुलाने इलेक्ट्रिक गिटार आणली. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर यायची. यांनी आतला कंट्रोल काढला, त्यावर ५०० के लिहिलेले पाहिले आणि दुकानात होता तो ५०० के चा नवा कोरा बसवला. खरखर गेली, पण गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत आले. नॉब जरासा हलवला की आवाज एकदम अंगावर येतो आणि पुढे दहापर्यंत नेला तरी फारसा फरक पडत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्यातच कोणीतरी त्याला सांगितले की पिकअप खराब झाला असेल, नवा बसवून घे. वाचकाचा प्रश्न असा : पिकअप बदलावा का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. पिकअपला हात लावू नका. तुम्ही बसवलेला कंट्रोल नवा आहे, चांगला आहे, त्याची किंमतही बरोबर आहे. फक्त त्याची चाल या जागेसाठी नाही. पिकअपच्या किमतीच्या मानाने हा भाग अगदी स्वस्त. नेमके काय चुकते ते समजून घेतले, तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील आणि तुमच्या दुकानाचे नावही राहील.

कंट्रोलच्या पोटात काय असते

आपण ज्याला व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतो त्याचे पूर्ण नाव पोटेन्शिओमीटर. कामाच्या ठिकाणी सगळे पॉटच म्हणतात. त्याला तीन पाय असतात. बाहेरच्या दोन पायांमध्ये कार्बनचा एक गोलाकार पट्टा असतो आणि मधला पाय त्या पट्ट्यावर सरकणाऱ्या पत्रीला जोडलेला असतो. नॉब फिरवला की पत्री सरकते. पॉटवर छापलेला २५० के किंवा ५०० के हा आकडा फक्त पूर्ण पट्ट्याचा विरोध सांगतो. पत्री अर्ध्या वाटेवर असताना किती विरोध मिळेल, हे तो आकडा सांगत नाही. ते सांगते ती पॉटची चाल. इंग्रजीत तिला टेपर म्हणतात.

चाली मुख्यतः दोन. पहिली लिनिअर. नॉब निम्मा फिरवला की विरोधही निम्मा, पाव फिरवला की पाव. दुसरी लॉग, काही जण तिलाच ऑडिओ म्हणतात. यात नॉब निम्मा फिरला तरी विरोध पूर्ण आकड्याच्या १० ते २० टक्केच होतो आणि उरलेला सगळा पुढच्या अर्ध्या फेरीत वाढतो. तिसरी चाल उलट्या लॉगची. ती क्वचित लागते, तिचे काम पुढे येईल.

हल्ली बाजारात जो माल येतो त्यावर बहुधा ए हे अक्षर लॉगसाठी, बी लिनिअरसाठी आणि सी उलट्या लॉगसाठी असते. म्हणजे ए ५०० के आणि बी ५०० के हे दोन वेगळे भाग आहेत, जरी बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसत असले तरी. आपल्या वाचकाने आकडा पाहिला, अक्षर पाहिले नाही. दुकानात सापडला तो पॉट बहुतेक बी असणार.

कान मोजतो कसा

आता कोणालाही वाटेल की निम्म्या फेरीला निम्मा विरोध, ही चाल तर सर्वांत सरळ आणि न्यायाची. मग तिने आवाज बिघडतो का? कारण आपला कान असा मोजत नाही. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती असताना दुसरी लावली तर उजेड वाढल्याचे लगेच कळते. पन्नास जळत असताना एकावन्नावी लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. कानाचेही तसेच. तो किती भर पडली हे मोजत नाही, किती पटीने वाढले हे मोजतो. म्हणूनच टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात आवाजाच्या मोजणीसाठी डेसिबल हे पटींवर चालणारे माप रूढ केले. साधारण हिशेब असा धरतात की १० डेसिबल कमी झाले की आवाज कानाला निम्मा वाटतो.

या मापाने लिनिअर पॉट तपासू. नॉब १० वर असताना पिकअपचा पूर्ण सिग्नल बाहेर जातो. नॉब ५ वर आणला की सिग्नल निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलची घट. कानाला आवाज अजून दोन तृतीयांशाच्या आसपास वाटतो. अर्धी फेरी संपली आणि हाती आली ती एवढीशी घट. नॉब १ वर आणला की सिग्नल एक दशांश, घट २० डेसिबल. कानाला आवाज पाव वाटतो. म्हणजे पाव आवाजापासून पूर्ण शांततेपर्यंतचा सगळा प्रवास उरलेल्या एका आकड्यात कोंबलेला आहे. उलट्या बाजूने पाहा : शून्यावरून एकवर जाताच पाव आवाज हजर, पाचवर दोन तृतीयांश, आणि मग पुढे दहापर्यंत थोडीशीच वाढ. गिऱ्हाइकाची तक्रार शब्दशः हीच होती.

लॉग पॉटमध्ये नॉब ५ वर असताना सिग्नल १० टक्के असला, तर घट तिथेच २० डेसिबलची. १५ टक्के असला तर साडेसोळा. म्हणजे निम्म्या फेरीत आवाज पाव किंवा तिसरा हिस्सा झालेला असतो आणि खालच्या अर्ध्या फेरीत तो हळूहळू विझवता येतो. हाताची फेरी आणि कानाचा अंदाज एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून आवाजाच्या नॉबला सहसा लॉग वापरतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बाजारातला लॉग पॉट पुस्तकातल्या वळणासारखा नसतो. कारखान्यात वेगवेगळ्या विरोधाचे दोन-तीन कार्बनचे तुकडे जोडून तो पट्टा बनवतात, त्यामुळे वळणाऐवजी दोन-तीन सरळ उतार मिळतात. हलक्या पॉटमध्ये मधोमध एक पायरी जाणवते : ७ पासून ५ कडे येताना आवाज झपकन खाली जातो. गिऱ्हाईक अशी तक्रार घेऊन आले तर पॉट बिघडलेला नाही, त्याची घडणच तशी आहे. मग अर्ध्या फेरीला २० टक्क्यांच्या आसपास विरोध देणारा पॉट शोधावा. त्याचा उतार सौम्य असतो.

टोनच्या नॉबचे काम निराळे

गिटारवर दुसरा नॉब टोनचा असतो. तो आवाज कमी करत नाही, आवाजातला तीक्ष्णपणा कमी करतो. त्याच्या वाटेत एक कपॅसिटर असतो. जुने कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. गिटारमध्ये तो साधारण ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. वरच्या पट्टीतला आवाज या कपॅसिटरमधून जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे निघून जातो. पॉट त्या वाटेवरच्या नळाच्या तोटीसारखा : विरोध जास्त असला की वाट बंद, कमी झाला की वाट मोकळी.

पण ही तोटी शेवटी शेवटीच उघडते. २५० के चा पॉट धरला, तर विरोध साधारण ५० के च्या खाली आल्याशिवाय कानाला ठळक फरक कळत नाही. पॉट लिनिअर असेल तर ५० के ही जागा नॉबच्या २ या आकड्यावर येते. म्हणजे दहापासून दोनपर्यंत नुसताच नॉब फिरवा आणि दोनपासून शून्यापर्यंत सगळा टोन एकदम बदलतो. लॉग पॉट असेल तर निम्म्या फेरीलाच २५ ते ५० के इतका विरोध उरतो. त्यामुळे नॉबची खालची सगळी अर्धी फेरी उपयोगाला येते. म्हणून टोनसाठी लॉग घ्यावा, यावर फारसा वाद नाही. ज्यांना टोन एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद एवढाच लागतो, त्यांना चाल कोणतीही असली तरी चालते.

मग लिनिअर कोणी वापरतो का?

वापरतात, आणि समजून-उमजून वापरतात. आतापर्यंतचा हिशेब स्वच्छ आवाजाचा होता. रॉक संगीतात अँप्लिफायर मुद्दाम इतका चढवतात की आवाज फाटतो. अशा वेळी गिटारवरचा नॉब आवाज लहान-मोठा करण्याऐवजी आवाज किती फाटावा हे ठरवतो. दहावरून सातवर आणले की फाटलेपण थोडे कमी, पाचवर आणखी कमी, असे बारीक टप्पे वादकाला हवे असतात. लॉग पॉट तिथे घाई करतो. लिनिअर त्या वरच्या भागात सावकाश चालतो. ज्या गिटारला दोन पिकअप आणि दोन वेगळे व्हॉल्यूम असतात, तिथेही दोन आवाजांची भेळ मनासारखी करायला कित्येक वादकांना लिनिअर सोयीचा वाटतो. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या प्रसिद्ध गिटारमध्ये बरीच वर्षे व्हॉल्यूमला ३०० के चे लिनिअर पॉट येत होते. त्यामुळे जुन्या गिटारमध्ये लिनिअर सापडला तर कोणीतरी चुकीचा बसवला असे लगेच ठरवू नका.

यावरून दुकानदाराने काय शिकायचे? नॉब उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे : वाजवता काय? आवाज स्वच्छ ठेवता की फाटलेला? नॉब वाजवताना मध्येच फिरवता की एकदा लावून ठेवता? डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारपूस करतो, तसेच हे. तारेवर आघात करून करंगळीने नॉब हळूहळू उघडत आवाज फुलवणारा एखादा वादक असतो. त्याचा पॉट मऊ फिरणारा हवा आणि चालही त्याच्या हाताला जुळणारी हवी.

२५० की ५००?

चालीबरोबर आकडाही पाहावा लागतो. फेंडर कंपनीची १९५४ सालची स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्यासारख्या गिटारींत एकेरी गुंडाळीचे पिकअप असतात. त्यांचा आवाज मुळात तीक्ष्ण, म्हणून तिथे बहुधा २५० के. दुहेरी गुंडाळीचा पिकअप, ज्याला हमबकर म्हणतात, आवाजाने जाडसर. त्याला बहुधा ५०० के. पॉटचा विरोध कमी असला की पिकअपचा तीक्ष्णपणा थोडा दबतो, जास्त असला की मोकळा राहतो. नॉब पूर्ण उघडा असतानाही हा परिणाम चालूच असतो. ज्या पिकअपला आतून बॅटरी लागते, तिथे २५ के च्या आसपासचे पॉट येतात. तिथे ५०० के बसवू नये.

इथे एक जुगाड सांभाळून करायचा आहे. लिनिअर पॉटच्या मधल्या पायापासून अर्थपर्यंत लहान रेझिस्टर लावला की त्याची चाल लॉगसारखी होते, हे अनेक कारागिरांना माहीत आहे. अँप्लिफायरमध्ये ही युक्ती पुष्कळदा चालते. गिटारमध्ये नाही. ५०० के च्या पॉटला १०० के चा रेझिस्टर लावला, तर नॉब पूर्ण उघडा असताना पिकअपला ५०० ऐवजी जेमतेम ८३ के दिसतात. आवाज एकदम घोंगडी पांघरल्यासारखा होतो. तक्रार एक मिटते आणि दुसरी उभी राहते. गिटारमध्ये योग्य चालीचा पॉटच घ्यावा.

तसेच काही गिटारींत व्हॉल्यूमच्या पॉटवर एक छोटा कपॅसिटर आणि त्याला समांतर रेझिस्टर लावलेला दिसेल. आवाज कमी केल्यावर तीक्ष्णपणा हरवू नये म्हणून ती सोय असते. त्यातला रेझिस्टर पॉटची चालही बदलतो. ५०० के चा लॉग पॉट, मध्यावर १० टक्के; त्यावर १५० के चा रेझिस्टर असेल तर मध्यावरचे १० टक्के सुमारे ३१ टक्के होतात. लॉग पॉट अर्धा लिनिअरसारखा वागू लागतो. म्हणून नुसता पॉट तपासून निकाल देऊ नका. त्याच्या अंगावर काय चिकटवले आहे तेही पाहा.

मीटरने खात्री करा

अक्षरावर पूर्ण भरवसा नको. काही जुन्या युरोपीय मालावर ए हे अक्षर लिनिअरसाठी वापरलेले असते, काही पॉटवर अक्षरच नसते आणि पुडी बदललेलीही असू शकते. मल्टिमीटर खोटे बोलत नाही. रीत अशी :

१. पॉटच्या वायरी सोडवा. पिकअप जोडलेला असताना मोजले तर पिकअपचा विरोध मध्ये येतो आणि आकडा चुकतो.

२. बाहेरच्या दोन पायांवर मोजा. हा पूर्ण आकडा. छापील आकड्यापेक्षा २० टक्के कमी-जास्त असणे नेहमीचे आहे. ५०० के चा पॉट ४०० ते ६०० मध्ये कुठेही असू शकतो.

३. दांडी स्वतःकडे आणि पाय खाली असे धरा. दांडी डावीकडे पूर्ण फिरवून, मग बरोबर मध्यावर आणा. डावा आणि मधला पाय मोजा. पूर्ण आकड्याच्या निम्मे आले तर लिनिअर. १० ते २० टक्के आले तर लॉग. ८०-९० टक्के आले तर उलटा लॉग.

४. दांडी सावकाश फिरवत आकडा पाहा. तो मध्येच उडाला तर पट्टा झिजलेला आहे.

खरखर आणि चाल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हेही इथेच सांगतो. खरखर धुळीची किंवा झिजेची; साफ करायच्या स्प्रेने पुष्कळदा जाते. चालीची तक्रार कोणत्याही स्प्रेने जात नाही. म्हणून खरखर आली की लगेच पॉट बदलायची घाई नको. आधी साफ करून पाहा. मूळ पॉट वाचला तर मूळ चालही वाचते.

बदलायचाच झाला तर जुना पॉट सोबत घेऊन बाजारात जा, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली. आकडा आणि अक्षराबरोबर मापही जुळवायचे असते. मोठ्या अमेरिकन धाटणीच्या पॉटच्या मानेला साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भोक लागते, लहान पॉटला सात-आठ. लाकडात भोक मोठे करायची वेळ आणू नका. दांडी गुळगुळीत आहे की दातेरी, दाते बारीक आहेत की जाड, हे नॉबशी ताडून पाहा.

वायरी जोडताना बाहेरच्या दोन पायांची अदलाबदल झाली तर नॉब उलटा चालतो आणि लॉगची चालही उलटी पडते. डावखुऱ्या वादकाच्या गिटारमध्ये हाच घोळ असतो : नॉब उलट्या दिशेने हवा म्हणून नुसत्या वायरी उलट्या केल्या तर चाल बिघडते. उलटा लॉग, म्हणजे सी अक्षराचा पॉट, इथे कामाला येतो.

एक शेवटची सूचना, विशेषतः जुन्या गिटारसाठी. जुन्या अमेरिकन पॉटच्या पाठीवर सहा-सात आकडे ठोकलेले असतात. १३७ ने सुरुवात असेल तर तो सीटीएस कंपनीचा. उदाहरणार्थ, १३७६५२३ म्हणजे सीटीएस, १९६५ सालचा २३ वा आठवडा. जुन्या गिटारचे वय ठरवायला जाणकार हेच आकडे वाचतात आणि त्यावर तिची किंमत वर-खाली होते. तो पॉट बिघडलेला असला तरी कचऱ्यात टाकू नका. त्याच्या पाठीवर जास्त वेळ गरम सोल्डर धरून तो जाळूही नका. पुडीत घालून मालकाच्या हाती द्या. दुकानात आलेली वस्तू अमानत असते, तिचा सुटलेला भागही.

मिरजेच्या भाईंनी आता एवढेच करावे : बसवलेला पॉट काढून मीटरवर तपासावा, लिनिअर निघाला तर गिऱ्हाइकाला तो कसा वाजवतो ते विचारावे आणि आवाज स्वच्छ हवा असेल तर ५०० के चा लॉग बसवावा. बिलावर नुसते व्हॉल्यूम कंट्रोल न लिहिता ए ५०० के असे पूर्ण लिहावे. उद्या ती गिटार दुसऱ्या कोणाच्या टेबलावर गेली, तर त्याला अंदाज करावा लागणार नाही. काढलेला बी ५०० के वाया गेला नाही. त्यावर चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवा. फाटलेला आवाज आवडणारा एखादा वादक त्यालाच शोधत येईल. कव्वालीच्या साथीला वाजणारा विजेचा बेंजो कधी दुरुस्तीला आला, तर त्याच्याही नॉबला हाच हिशेब लागू पडतो.

पुढच्या अंकात शिलाई मशीनच्या मोटारीचा पायडल : तो एकदम का पळतो आणि त्याला सावकाश चालायला कसे शिकवायचे.